आखाड्यातला डाव, रस्त्यावरचा घाव: लढतीचे खेळ स्वसंरक्षणाला किती कामाचे?

हल्ल्याची एखादी हादरवणारी बातमी येते आणि आठवड्याभरात सोसायटीच्या फलकावर, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वसंरक्षण शिबिराची सूचना येते. सरकारी शाळांत तर सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानाची ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ ही तीन महिन्यांची योजनाच आहे. शिकवायला येतात ते बहुतेक कराटे, तायक्वांदो किंवा ज्युदोचे प्रशिक्षक. पालकांना एवढंच जाणून घ्यायचं असतं: मुलगी कराटेला जाते, मुलगा तालमीत जातो, तर वेळ आल्यावर ती दोघं स्वतःला वाचवतील ना?

यावर दोन ठाम उत्तरं ऐकू येतात. खेळातली माणसं म्हणतात, रोज लढणाऱ्याला रस्त्यावरच्या गुंडाची काय भीती? ‘खरं स्वसंरक्षण’ शिकवणारे म्हणतात, रिंगणातलं काहीच रस्त्यावर चालत नाही, आमचे पाच डाव शिका. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, पण दुसरं जास्त घातक आहे. प्रतिकार करणाऱ्या माणसाशी एकदाही न झुंजता मिळालेला आत्मविश्वास पहिल्या धक्क्यात संपतो.

## आधी शब्द नीट लावून घेऊ

लढतीचा खेळ म्हणजे दोघांच्या संमतीने, ठरलेल्या नियमांत, पंचासमोर होणारी झुंज. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो, कराटे आणि या सगळ्यांचं मिश्रण असलेलं एमएमए यात येतात. स्वसंरक्षण म्हणजे संमती नसताना अंगावर आलेल्या धोक्यातून शक्य तितक्या धडपणे बाहेर पडणं. खेळात जिंकायचं असतं, स्वसंरक्षणात घरी पोचायचं असतं. तिसरा शब्द स्पॅरिंग. जोडीदार खरोखर विरोध करत असताना केलेल्या सरावाच्या लढतीला स्पॅरिंग म्हणतात, आणि पुढची बरीच चर्चा त्याभोवतीच फिरणार आहे.

पोहण्याचं उदाहरण घ्या. तलावात पन्नास मीटर पोहणारा मुलगा पुराच्या नदीत पडला, तर न पोहणाऱ्यापेक्षा त्याची वाचण्याची शक्यता नक्की जास्त. पण पुराला ओढ असते, पाण्याखाली झाडाच्या फांद्या आणि कुंपणाच्या तारा असतात, हात टेकायला कडा नसते, शिट्टी फुंकणारा जीवरक्षक नसतो. म्हणून नदीकाठची माणसं पोरांना पोहणं शिकवतात आणि पाण्याचा रंग बघून आत न उतरणंही शिकवतात. हे दुसरं शिक्षण तलावात मिळत नाही.

## पंच नसला की काय काय नसतं

७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीतून बाद झाली, कारण वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. खेळात शंभर ग्रॅमचा हिशोब होतो. रस्त्यावर ५० किलोच्या मुलीसमोर ८५ किलोचा माणूस उभा राहतो आणि काटा कोणी लावत नाही. वजन म्हणजे नुसती ताकद नव्हे. अंगावर पडलेला भार, धक्क्याचा जोर, पकड सोडवायला लागणारे कष्ट, सगळंच त्याबरोबर वाढतं.

दुसरा फरक सुरुवातीचा. आखाड्यात सलामी होते, हात मिळतात, मग खडाखडी सुरू होते. रस्त्यावरचा हल्ला बोलता बोलता होतो, मागून होतो, गाडीच्या खिडकीतून होतो. एखादा ठरलेला इशारा दिसल्यावर बटण दाबायलाही माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. कोणता हल्ला येतोय हेच ठाऊक नसेल तर त्याहून जास्त. हाताच्या टप्प्यात उभ्या असलेल्या माणसाचा ठोसा तेवढ्या वेळात पोचलेला असतो. म्हणजे जवळ उभ्या माणसाचा पहिला फटका ‘बघून अडवणं’ कसलेल्या खेळाडूलाही अवघड आहे. रिंगमध्ये बॉक्सर तो चुकवतो, कारण ठोसा येणार हे त्याला आधीपासून माहीत असतं आणि अंतर त्याने स्वतः राखलेलं असतं.

शेवटही वेगळा. बॉक्सिंगचे आधुनिक नियम १८६७ मध्ये क्वीन्सबेरी यांच्या नावाने आले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद. फेरी संपली की घंटा होते. रस्त्यावर दमलेल्या माणसासाठी घंटा होत नाही. समोरचा पडला म्हणून मामलाही संपत नाही, कारण त्याचे दोन मित्र टपरीमागे उभे असू शकतात.

आणि जमीन. हौद्यातली लाल माती खणून, भिजवून, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. मॅटखाली फोम असतो. रस्त्यावर डांबर, फूटपाथची कड, गटाराचं झाकण असतं. एका ठोशाने मेलेली माणसं पुष्कळदा ठोशाने मेलेली नसतात. ती बेशुद्ध होऊन ताठ पडतात, डोकं जमिनीवर आपटतं आणि कवटीत रक्तस्राव होतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये वेगळी तरतूदच केली.

## मग खेळ शिकण्यात अर्थ काय?

अर्थ आहे, आणि तो एका जपानी शिक्षकाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ओळखला. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची संस्था काढली. त्या काळच्या जुजुत्सू या जुन्या जपानी लढाईकलेच्या अनेक शाखांत डोळा फोडणं, बोट मोडणं असे घातक डाव होते. जोडीदारावर ते पूर्ण जोराने करता येत नसत, म्हणून सराव ठरलेल्या क्रमाने, हळू, एकाने हल्ला करायचा आणि दुसऱ्याने डाव दाखवायचा असा चाले. कानोंनी हे डाव मोकळ्या लढतीतून बाजूला काढले. जे उरले ते विरोध करणाऱ्या जोडीदारावर, सगळा जोर लावून, दिवसाला कितीतरी वेळा करता येऊ लागले. म्हणजे ‘कमी घातक’ डाव शिकणारा माणूस प्रत्यक्षात जास्त सक्षम निघू लागला.

कारण असं. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन उसळतं. छाती धडधडते, नजर अरुंद होते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. किल्ली कुलपात जात नाही ती अशाच वेळी. या अवस्थेत डोक्याने आठवलेलं काही बाहेर येत नाही, अंगात मुरलेलं येतं. हजार वेळा विरोधाखाली केलेली एकच हालचाल बाहेर येते, कार्यशाळेत एकदा पाहिलेल्या वीस येत नाहीत. स्पॅरिंग करणाऱ्याला आणखी एक मिळतं, ते म्हणजे मार खाण्याची ओळख. नाकावर फटका बसला की डोळ्यांत पाणी येतं आणि चार सेकंद काही दिसत नाही, हे ज्याने हेडगार्ड घालून का होईना अनुभवलंय, तो थिजत नाही.

म्हणून ज्या वर्गात जोडीदार एक हात पुढे करून पुतळ्यासारखा थांबतो आणि शिकवणारा त्याच्यावर चार हालचाली करतो, तिथे चाललेली ती आधीच ठरवलेली, नुरा कुस्ती असते. पकडलेला माणूस दुसरा हात वापरतो, मागे ओढतो, चावतो. तो थांबत नाही.

## प्रत्येक खेळाची एक देणगी, एक खोड

खेळ शरीराला सवयी लावतो आणि सवयीला नियम कळत नाहीत. म्हणून कोणत्या खेळाने काय दिलं आणि काय बिघडवलं, हे वेगवेगळं पाहावं लागतं.

कुस्तीपासून सुरुवात करू. तोल, कमरेची ताकद, मानेचा कस, मनगटाची पकड यांत पैलवानाला तोड नाही. मोठा फायदा म्हणजे न मारता माणूस आवरता येतो. दारू प्यालेला नातेवाईक लग्नात अंगावर धावून आला, तर त्याच्या तोंडावर ठोसा मारण्यापेक्षा मागे जाऊन कमरेला मिठी मारून त्याला रोखणं सगळ्याच दृष्टींनी बरं. पण खोडीही आहेत. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडताना, पैलवान गुडघा टेकवतो. मातीत ठीक, डांबरावर वाटी फुटू शकते. डोकं प्रतिस्पर्ध्याच्या कुशीत जातं, तिथे रस्त्यावर गुडघा किंवा पाठीत चाकू बसू शकतो. सगळ्यात खोल खोड पाठीची आहे. पाठ लागली की कुस्ती गेली, म्हणून खाली येताच पैलवान आपसूक पोटावर वळतो. कुस्तीत हा बचाव आहे. मारामारीत यात पाठ आणि डोक्याची मागची बाजू समोरच्याच्या हवाली होते. शिवाय ढाक किंवा कलाजंगसारखा उलथवून आपटणारा डाव डांबरावर पडला तर समोरच्याची मान किंवा कवटी जाऊ शकते, आणि पुढचं आयुष्य कोर्टात जातं.

ब्राझिलियन जुजुत्सूत नेमकी उलटी खोड लागते. तिथे पाठीवर पडून लढायला शिकवतात, आणि एकास एक लढतीत ते प्रभावी आहे हे १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये झालेल्या पहिल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप या एमएमए स्पर्धेत दिसलं. सुमारे ८० किलोच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना शरण आणलं. पण ते तिघं एकामागून एक आले होते. एकत्र आले असते तर पाठीवर पडलेल्याच्या डोक्यात लाथा बसल्या असत्या. या कलेतून जे घ्यावं ते एवढंच: कोणी अंगावर बसलं तर घाबरून धडपडायचं नाही, कमर उचलून त्याला कलंडवायचं आणि उभं राहायचं. खाली थांबायचं नाही. गळा आवळण्याचे डावही इथेच येतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपतो. सरावात जोडीदार हाताने थाप मारतो आणि पकड सुटते. रस्त्यावर थाप कळत नाही. शुद्ध गेल्यावरही पकड तशीच राहिली तर जीव जाऊ शकतो.

बॉक्सिंग अंतराची समज देतं, पाय हलते ठेवतं, सरळ ठोसा शिकवतं. पण ग्लोव्ह हे मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताचं कवच आहे. व्यावसायिक लढतीतला ग्लोव्ह ८ किंवा १० औंसांचा, म्हणजे साधारण २२५ ते २८० ग्रॅमचा, आणि आत कित्येक फूट पट्टी गुंडाळलेली. उघड्या मुठीने कपाळावर ठोसा मारला तर करंगळीच्या मुळामागचं तळहातातलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’च म्हणतात. ठोसा दातांवर बसून बोटाच्या सांध्यावर चीर पडली तर ती छोटी दिसते, पण तोंडातले जंतू सांध्यात जाऊन हात सुजतो. अशी जखम त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी. म्हणून डोक्यावर मारायची वेळ आलीच तर मूठ नको, मनगटाजवळची तळहाताची जाड गादी वापरावी. दुसरी खोड बचावाची. मोठ्या ग्लोव्हमागे चेहरा लपतो, उघड्या हातांच्या फटींतून मूठ आत शिरते.

तायक्वांदोत लाथेचा वेग अफाट. पण ऑलिंपिक नियमांत छातीच्या कवचावर ठोशाला एक गुण, लाथेला दोन, डोक्यावर लाथेला तीन, आणि चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी. त्यामुळे खेळाडू हात खाली सोडून फिरतात. ती सवय रस्त्यावर महागात पडते. जीन्स, साडी किंवा चप्पल घालून, ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहणंही धोक्याचं. लाथ मारायचीच तर गुडघ्याखाली, नडगीवर, आणि पाय लगेच जमिनीवर.

स्पर्धेतल्या कराटेची खोड सगळ्यात स्पष्ट दिसली ती २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. नियमाप्रमाणे फटका आवरता आला पाहिजे. तो न आवरल्याबद्दल हमेदी बाद झाला आणि बेशुद्ध पडलेल्याला सुवर्णपदक मिळालं. खेळ म्हणून हा नियम योग्यच आहे, तो खेळाडूंचा जीव वाचवतो. पण वर्षानुवर्षं स्पर्श होताच थांबणारा हात वेळ आल्यावरही तिथेच थांबतो.

ज्युदोची एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शिकावी, लढायचं नसलं तरी. पडायची कला. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, हात मागे टेकवायचा नाही, तर पूर्ण बाहू शरीरापासून थोडा लांब जमिनीवर सपाट आपटायचा. हात टेकवला तर मनगट मोडतं, हनुवटी वर राहिली तर डोकं आपटतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावर, स्कूटर घसरल्यावर ही सवय जेवढ्यांना वाचवते, तेवढ्यांना कोणताच डाव वाचवत नसेल. ज्युदोची मर्यादा कपड्यांची आहे: जाड गणवेशाची कॉलर धरून शिकलेले डाव पातळ टीशर्टवर निसटतात. शिवाय २०१३ पासून स्पर्धेत पाय धरायला पूर्ण बंदी असल्याने, पायात शिरणाऱ्या माणसाविरुद्धचा सराव बऱ्याच ठिकाणी कमी झाला.

## “नियमच अडसर असेल, तर बंदी असलेलं मारा”

हा युक्तिवाद फार ऐकू येतो. डोळ्यात बोट, जांघेत लाथ, चावा. एमएमएमध्ये या सगळ्यावर बंदी आहे, म्हणजे हेच खरं शस्त्र. पण डोळ्यात बोट घालायलासुद्धा अंतर, तोल आणि हलणाऱ्या डोक्याचा माग काढण्याची सवय लागते. ती स्पॅरिंगमधूनच येते. ज्याला चांगला ठोसा मारता येतो, तो मूठ उघडून बोटं पुढे करू शकतो. ज्याचा ठोसाच लागत नाही, त्याचं बोटही लागणार नाही. जांघेतली लाथही भरवशाची नाही. पुरुष तिथलं संरक्षण आपसूक करतात, आणि चिडलेल्या किंवा नशेतल्या माणसाला वेदना काही सेकंद उशिरा कळतात. तेवढ्यात त्याने पकडलेलं असतं. हे फटके पळण्याची फट मिळवायला ठीक आहेत, तेवढ्यावर विसंबू नये.

## हत्यार दिसलं तर?

पुण्यात कोयता हा शब्द गेली काही वर्षं पहिल्या पानावर आहे, म्हणून याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. चाकू ‘काढून घेण्याचे’ बहुतेक डाव एका लांब, सरळ, थांबलेल्या वारावर बसवलेले असतात. खरा चाकूचा हल्ला शिवणयंत्राच्या सुईसारखा असतो: आखूड, झपाट्याने, पुन्हा पुन्हा, आणि दुसऱ्या हाताने कपडा धरलेला. घरी पडताळून पाहा. जुना पांढरा शर्ट घाला, जोडीदाराच्या हातात टोपण काढलेला जाड मार्कर द्या, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि त्याला सांगा, दहा सेकंद जमेल तसे वार कर. मग शर्टावरच्या रेघा मोजा. मानेवर, काखेत, पोटावर किती आहेत ते बघा. चांगल्या खेळाडूंच्या शर्टवरही डझनभर निघतात.

अंतराचाही अंदाज चुकतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलिस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर, सुमारे दीड सेकंदात पार करतो. दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर त्यांच्या लांबीपेक्षाही हे कमी आहे.

म्हणून हत्यार दिसताच पळा, आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर नाही तर उभ्या गाडीच्या, टेबलाच्या, दुकानाच्या काउंटरच्या पलीकडे. सॅक, हेल्मेट, खुर्ची मध्ये धरा. पैसे किंवा फोन मागत असेल तर ते एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. दुचाकीवरून साखळी ओढली तर सोडून द्या, फरफटत गेल्याने झालेली इजा सोन्यापेक्षा महाग असते. पळायला जागाच नसेल, तेव्हा एकच काम उरतं: हत्याराचा हात दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या छातीशी आवळायचा, सोडायचा नाही, आणि ओरडत राहायचं. इथे पैलवानाची पकड खरी कामाला येते. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोराचं लक्ष तिच्याकडे असताना एका तरुणाने कोयता अडवला आणि मग इतर लोक पुढे आले. ते धैर्य थोर होतं, पण कुठल्याही वर्गात त्याची हमी विकत मिळत नाही.

जखम झालीच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. रक्ताने भिजलं तर त्यावरच दुसरं कापड. आत रुतलेलं पातं उपटू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

## दोन हात करण्याआधी दोन हात अंतर

ज्या गोष्टी खेळात नसतातच, त्या खरं तर या विषयाचा मोठा हिस्सा आहेत. अनोळखी माणूस जवळ येत असेल तर दोन हातांचं अंतर ठेवा. वाढत्या वादात एक पाय मागे घ्या, दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर पुढे धरा. ही मुद्रा भांडणाची वाटत नाही, पण हात चेहऱ्याच्या वाटेत आलेले असतात. बघणाऱ्याला आणि सीसीटीव्हीला उघडे तळवे दिसतात, तेही पुढे उपयोगी पडतं.

आवाज पोटातून काढा आणि वाक्य छोटं ठेवा. “मागे व्हा!” आपल्याकडे लोक मध्ये पडत नाहीत त्याचं एक मोठं कारण म्हणजे ‘घरचं भांडण असेल’ हा समज. तो तोडण्यासाठी “तुम्ही कोण? मी तुम्हाला ओळखत नाही!” असं मोठ्याने म्हणा. गर्दीला सांगू नका, एका माणसाला सांगा: “निळा शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा.” नाव घेऊन किंवा खूण करून सांगितलं की तो माणूस हलतो.

## ओळखीचा माणूस असेल तेव्हा

मुलींच्या शिबिरांत अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी हल्लेखोर गृहीत धरलेला असतो. पण पोलिसांत नोंद होणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दर वर्षी सांगते. तिथे लाथ मारण्यापूर्वी एक भिंत ओलांडावी लागते: संकोचाची. काका, शिक्षक, मित्र, होणारा नवरा यांच्यावर ओरडायचं कसं?

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. निम्म्या मुलींना तीन-तीन तासांच्या चार भागांत, एकूण बारा तासांचं शिक्षण दिलं. धोका कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाच्या बाबतीत मन का कचरतं, ठाम नकार कसा द्यायचा, आणि अंगाने प्रतिकार कसा करायचा. वर्षभरात पूर्ण बलात्काराचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात ९.८ टक्के होतं, शिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. लगेच कोणी म्हणेल, बारा तासांत कुठे लढता येतं? येत नाही. पण धोका लवकर ओळखला आणि संकोच मोडला, तर लढायची वेळच पुष्कळदा येत नाही. आपल्या शाळांतल्या तीन महिन्यांपैकी निदान काही तास याला दिले पाहिजेत, हे मी आग्रहाने म्हणेन.

आणि एक गोष्ट आईवडिलांनी मनावर कोरून ठेवावी. भीतीने अंग थिजणं हा शरीराचा जुना प्रतिसाद आहे. ब्लॅक बेल्ट असलेली मुलगीही थिजू शकते. “एवढं शिकलीस, मग मारलं का नाहीस?” हा प्रश्न तिला कधीही विचारू नये.

## कायदा कुठपर्यंत पाठीशी असतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. स्वतःचं आणि दुसऱ्याचंही शरीर वाचवण्याचा हक्क कायदा देतो. धोक्याची रास्त भीती निर्माण होताच तो सुरू होतो, पहिला फटका खाल्लाच पाहिजे असं नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा ठरावीक धोक्यांत हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. भीतीच्या क्षणी माणसाने बळ सोन्याच्या तराजूत तोलावं अशी अपेक्षा नाही, ही भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे.

पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. खेळाडूची सवय इथे नडते. रिंगणात पडलेल्यावर तुटून पडणं म्हणजे लढत संपवणं, रस्त्यावर पळणाऱ्याच्या पाठीत किंवा पडलेल्याच्या डोक्यात घातलेली लाथ हा तुमचा गुन्हा ठरतो. ‘ब्लॅक बेल्टवाल्याला पोलिसांत हातांची नोंद करावी लागते’ ही मात्र निव्वळ दंतकथा आहे, भारतात असा कायदा नाही.

प्रसंग संपल्यावर ११२ ला फोन आधी तुम्ही करा. लहान जखमाही सरकारी रुग्णालयात नोंदवून घ्या, फाटलेले कपडे धुऊ नका, आणि जवळच्या दुकानदाराला सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला त्याच दिवशी सांगा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

## वर्ग कसा निवडायचा?

फी भरण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा. जोडीदार विरोध करतात का? नवशिक्यांना दोन-तीन महिन्यांत हलकी स्पॅरिंग मिळते का, की वर्षभर हवेतच ठोसे? दातांचं कवच सक्तीचं आहे का? पडायला शिकवतात का? चाकू सहज काढून घेता येतो असं सांगणाऱ्या वर्गातून उठून या. लहान मुलांना डोक्यावर फटके बसणारी स्पॅरिंग नको, त्यांच्यासाठी कुस्ती किंवा ज्युदो बरं. सरावात डोक्याला मार बसून उलटी, गोंधळ किंवा डोकेदुखी झाली तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांकडे.

खेळ कोणताही चालेल, आठवड्यातून दोन-तीन दिवस, किमान सहा महिने. आणि महिन्यातून एकदा गणवेश बाजूला ठेवून, रोजच्या कपड्यांत, खांद्यावर सॅक घेऊन एक सराव करा. जोडीदार भिंतीशी तुम्हाला धरतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाचं दार उघडं असतं. त्याला हरवायचं नाही, फक्त सुटून दारापलीकडे जायचं. घड्याळ लावा, दहा सेकंद. पहिल्या वेळी बहुतेक जण दाराकडे बघतही नाहीत, जोडीदाराशीच झुंजत राहतात.